हातभर अंतर

मे महिन्याच्या दुपारी नागपुरात कूलर बंद करायचे कुणाच्या मनातही येत नाही. माझ्या भाच्याने तो आपणहून उठून बंद केला. बाहेर पारा ४५ अंशांच्या वर, महाल भागातल्या आमच्या गल्लीत चिटपाखरू नाही, भिंतीला हात लावला तरी चटका बसतो अशी वेळ. आणि हा मुलगा बटण बंद करून पुन्हा गादीवर येऊन मांडी घालून बसला. कारण विचारले तेव्हा मान न वळवता म्हणाला, "मामा, पावलं ऐकू नाही येऊन राहिली." पडद्यावर ‘कंडेम्ड २: ब्लडशॉट’ हा व्हिडिओ गेम सुरू होता, टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल, एक्सबॉक्स ३६०, माझा जुनाच, आणि त्या अंधाऱ्या बोळात कोणीतरी डावीकडून येत होते की उजवीकडून, हे खरोखरच कूलरच्या घरघरीत कळत नव्हते. त्याच्या मानेवरून घामाचे ओघळ चालले होते आणि तो जागचा हलत नव्हता. पुढे खेळाचा बराच भाग सरल्यावर एका दुपारी माझ्या लक्षात आले की कूलर जोरात सुरू आहे. समोर तशीच अंधारी खोली होती, तशीच माणसे अंगावर येत होती, आणि हा आरामात टेकून, मध्येच वाटीतला चिवडा तोंडात टाकत, एकेकाला खाली पाडत होता. आता भीती नाही का वाटत, असे मी विचारले. तो हसून म्हणाला, "आता तेच मला घाबरून राहिले."

त्याचे हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. भीती घालण्यासाठीच बनवलेला हा खेळ होता, आणि कूलर पुन्हा सुरू करायला हरकत नाही असे खेळणाऱ्याला वाटले तो क्षण नेमका कोणता, हे मला शोधून काढायचे होते. कारण मला स्वतःला या मालिकेच्या पहिल्या भागाची भीती आजही अंगावर आठवते.

‘कंडेम्ड: क्रिमिनल ओरिजिन्स’ २००५ च्या अखेरीस एक्सबॉक्स ३६० बरोबरच बाजारात आला आणि २००६ मध्ये संगणकावर. तेव्हा आपल्याकडे कन्सोल फारच थोड्या घरांत होते. आम्ही सगळे संगणकावर खेळणारे. विदर्भात भारनियमन जोरात होते, त्यामुळे वीज येण्याजाण्याच्या वेळांवर आमच्या खेळाच्या वेळा ठरत, आणि बहुतेक वेळा रात्री उशिराच बसायला मिळे. मोनोलिथ या स्टुडिओने त्याच वर्षी ‘फिअर’ नावाचा दुसरा भयखेळ काढला होता, आणि दोन्हींच्या मुळाशी इंजिनही, म्हणजे खेळ चालवणारे सॉफ्टवेअर, एकच होते. ‘फिअर’मध्ये हातात उत्तम बंदुका होत्या, वेळ संथ करून गोळ्या झाडण्याची सोय होती, आणि तो खेळ मला मनापासून आवडला होता. ‘कंडेम्ड’मध्ये त्याच लोकांनी हातातली बंदूक जवळजवळ काढूनच घेतली. ती क्वचित मिळे, तिच्यात मोजक्या गोळ्या असत, पुन्हा भरण्याची सोय नसे, आणि किती उरल्या ते तिथेच थांबून उघडून पाहावे लागे. गोळ्या संपल्या की तीच उलटी धरून डोक्यात घालायची. एरवी नायकाच्या, म्हणजे एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेतल्या ईथन थॉमसच्या हाती यायची ती भिंतीतून उपटलेली पाइप, खिळे ठोकलेली फळी, फावडे, घण किंवा आगीच्या वेळी वापरायची कुऱ्हाड. एका वेळी एकच वस्तू हातात. दुसरी घ्यायची तर पहिली टाकायची. कुऱ्हाडीशिवाय काही दारे फुटत नसत आणि घणाशिवाय काही कुलुपे तुटत नसत, म्हणून हातातली चांगली हलकी पाइप खाली ठेवून जड घण उचलावा लागे, आणि नेमके तेव्हाच मागे कुठेतरी काचेवर पाय पडल्याचा आवाज येई.

प्रत्येक हत्याराला चार गुण होते: मार किती बसेल, हात किती लवकर फिरेल, अडवायला किती उपयोगी आणि पोच किती. हे वाचताच मला लहानपणीचा आखाडा आठवला होता. आमच्या भागातल्या एका आखाड्यात मी काही उन्हाळे लाठी शिकायला जात असे. तांबड्या मातीचा आणि तेलाचा तो वास, अंधारत आले तरी चालणारा तो सराव, आणि वस्तादांचे एकच पालुपद: लाठी मारायला नसते, लांब ठेवायला असते. समोरचा लाठीच्या टोकाच्या पलीकडे आहे तोवर तुम्ही त्याच्याकडे पाहू शकता, विचार करू शकता, श्वास घेऊ शकता. तो टोकाच्या आत शिरला की लाठीचा उपयोग संपला आणि तुमचा विचारही. त्या आत शिरण्याची भीती मी मातीत अनुभवली आहे. समोरच्या मुलाचा चेहरा एकदम मोठा होतो, त्याच्या घामाचा वास येतो, आणि फिरवलेली लाठी परत आणायला लागणारा वेळ संपता संपत नाही. तेवढा वेळ तुम्ही उघडे असता.

पहिल्या ‘कंडेम्ड’मध्ये हा उघडेपणा जसाच्या तसा होता. वार चुकला की घण आपल्याच ओझ्याने पुढे जाई, आणि तो परत येईपर्यंत ईथनचे तोंड, छाती, सगळे समोरच्याच्या हवाली. अडवायचे बटण दाबून धरता येत नसे. वार येण्याच्या नेमक्या क्षणी ते दाबावे लागे, म्हणजे तो वार स्वतःकडे येताना डोळे उघडे ठेवून पाहावाच लागे. समोरचा माणूसही वेड्यासारखा सरळ धावत येत नसे. तो खोटा वार करी, पळून खांबामागे लपे, तुम्ही टॉर्च घेऊन शोधायला निघालात की श्वास रोखून उभा राही. टॉर्चचा झोत अरुंद होता आणि त्याच्या कडेला काय आहे हे कधीच पुरते कळत नसे. बंदुकीच्या खेळात शत्रू दिसतो आणि मग आपण काय करायचे ते ठरवतो. इथे तो ऐकू येई, मग बराच वेळ काहीच ऐकू येत नसे, आणि दिसे तेव्हा तो हातभर अंतरावर असे.

ते हातभर अंतर हाच त्या खेळाचा खरा शोध होता.

त्यातले बंद पडलेले डिपार्टमेंट स्टोअर ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. नाताळची सजावट तशीच राहून गेलेली, धुळीने माखलेली, आणि सगळीकडे कपड्यांच्या दुकानातले पुतळे. पुतळे पुतळ्यांसारखेच उभे असतात. तुम्ही त्यांच्यामधून चालत जाता, कोपऱ्यावर काही वाजले म्हणून मान वळवता, पुन्हा समोर पाहता, आणि रचना थोडी बदललेली असते. एखादा जवळ आलेला असतो. एखाद्याचे तोंड तुमच्याकडे झालेले असते. संगीत नाही, किंकाळी नाही, कोणी अंगावर आलेले नाही. तुम्ही पाइप उगारून उभे, आणि मारायचे कुणाला ते कळत नाही. मग त्यांच्यातलाच एक पांढऱ्या चेहऱ्याचा पुतळा हलतो, आणि तो माणूस निघतो. यानंतर प्रत्येक पुतळ्याजवळून जाताना मी थांबत असे, त्याच्या छातीकडे पाहत असे, श्वासाची हालचाल दिसते का ते तपासत असे. सीताबर्डीच्या मेन रोडवर रात्री दुकाने बंद होताना अर्ध्या ओढलेल्या शटरखालून पुतळ्यांचे पाय दिसतात. त्या वर्षी तिथून जाताना माझे पाय आपोआप भरभर पडत.

दुसरा भाग मार्च २००८ मध्ये आला, आणि तो फक्त एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ साठी. संगणकावर तो कधी आलाच नाही. पहिला भाग संपवून ताटकळत बसलेल्या आमच्यासारख्यांना याचा फार त्रास झाला, आणि स्वतःचा कन्सोल घेऊन मी तो खेळलो तेव्हा त्याची चर्चा केव्हाच शमली होती. तो पहिल्यापेक्षा कमी मेहनतीने केला आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. ईथन आता नोकरीतून बाहेर पडलेला आहे, दारूत बुडालेला आहे, बेघर माणसांमध्ये रस्त्यावर राहतो. सुरुवातीचीच मारामारी एका बोळात, ओल्या अंधारात, काही कारण नसताना होते, आणि नायक कोण नि गुंड कोण हे कपड्यांवरून ओळखू येत नाही. दोन हातांना दोन वेगळी बटणे दिली आहेत: डावा हात डाव्या बटणावर, उजवा उजव्या. हा बदल ऐकायला किरकोळ वाटतो, पण पहिल्यांदा रिकाम्या हाताने कुणाच्या जबड्यावर डावा ठोसा बसतो तेव्हा तो आपल्या मनगटापर्यंत पोचतो. तपासाचे कामही सुधारले आहे. पहिल्या भागात योग्य ठिकाणी उभे राहिले की उपकरण आपोआप हातात येई. इथे प्रेतासमोर उभे राहून जखम कशाची आहे, रक्त कुठल्या दिशेला ओढले गेले आहे, हे स्वतः पाहून उत्तर द्यावे लागते आणि चुकीच्या उत्तराने दर्जा घसरतो. भाचा एका प्रेतासमोर बराच वेळ वाकून बसला होता, आणि एवढ्या निरखून पाहायला लावणारे खेळ फार नाहीत.

वातावरणाच्या बाबतीतही दुसरा भाग कुठे कमी पडत नाही. भिंतींची ओल, गळणारे पाणी, सडलेले लाकूड, कोपऱ्यांतला काळसर चिकट थर, सगळे अधिक बारकाईने रंगवले आहे. बाहुल्यांच्या कारखान्यात शिरताना अंग आखडून घेतले जाते. अर्धवट चेहऱ्यांचे ढीग, लोंबणारे हातपाय, आणि जमिनीवरून सरपटत येऊन अंगाशी फुटणाऱ्या त्या काळ्या बाहुल्या. भाचा तिथे दोनदा उठून पाणी प्यायला. कूलर तेव्हा बंदच होता, हे मला नक्की आठवते.

मग बिघडले कुठे? मला वाटते, दुसऱ्या भागाने मारामारीला वातावरणापासून वेगळे केले तिथे. ठोशांच्या ठरावीक जोड्या आहेत, त्या पाठ करता येतात आणि त्यांनी मार वाढतो. मार देत गेले की एक मोजपट्टी भरते. भरली की वेळ संथ होतो आणि पडद्यावर दिसतील ती बटणे वेळेवर दाबली की समोरच्याची हाडे मोडण्याचा एक सोहळाच होतो. खाली बसलेल्या माणसाला मानगुटीने धरून खोलीत ठरवून दिलेल्या जागी आपटता येते, आणि ती जागा कुठली हे खेळच खुणेने दाखवतो. हे सगळे उत्तम बांधले आहे. यात हात बसतो, सफाई येते, आणि ती सफाई सुखाची असते. पण मोजपट्टी पाहणारी नजर अंधाराकडे पाहत नाही. आपटायची जागा शोधणारा माणूस त्या खोलीला घाबरत नाही, तो तिचा उपयोग करतो. पहिल्या भागात जो खांब ‘याच्यामागे कोणी असेल’ म्हणून छातीत धडकी भरवत होता, तो इथे डोके आपटायच्या कामाचा झाला. चुकलेल्या वाराचा तो लांबलेला, उघडा वेळही ठोशांच्या जोड्यांमध्ये भरून निघाला. भाचा कारखान्यानंतर काही दिवसांत या सगळ्यात पटाईत झाला, आणि माझा अंदाज आहे की त्याच सुमारास तो कूलरच्या बटणाकडे गेला असावा.

त्यातही एक गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी मी या खेळाला कायम मान देईन. ईथनचे हात कापतात. बंदूक उचलली की तिचे टोक स्थिर राहत नाही, आणि ते स्थिर करायचे असेल तर दारू प्यावी लागते. घोट घेतला की थोडा वेळ नेम जमतो, मग पुन्हा थरथर. आमच्या नात्यात असे हात मी पाहिले आहेत; सकाळी चहाचा कप बशीवर वाजायचा आणि घरातले सगळे दुसरीकडे पाहायचे. पडद्यावर ते हात पाहताना मला अवघडल्यासारखे झाले, आणि नेम जमावा म्हणून मीच त्याला बाटलीकडे नेतो आहे याचे आणखी वाईट वाटले. लांबून मारण्याच्या हत्यारावर विश्वास ठेवता येऊ नये, माणसाने पुन्हा त्या हातभर अंतरात यावे, यासाठी एवढी नेमकी आणि एवढी दुःखाची युक्ती मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेली नाही.

आणि ते अस्वल. बर्फातल्या लॉजमध्ये ते शिरते तेव्हा दुसरा भाग काही मिनिटांसाठी पहिल्यापेक्षाही मोठा होतो. आपल्याकडच्या वाचकाला अस्वलाविषयी सांगायला नको. उन्हाळ्यात मोहफुले वेचायला पहाटे जंगलात गेलेल्या माणसांवर अस्वलाने हल्ला केल्याच्या बातम्या चंद्रपूर-गडचिरोलीकडून दरवर्षी येतात, आणि वाघाच्या बातमीपेक्षा त्या मला अधिक हादरवतात, कारण अस्वल मागच्या पायांवर उभे राहून थेट तोंडावर येते. खेळातले अस्वल अमेरिकेतले आणि पिसाळलेले. त्याच्यासमोर ठोशांच्या जोड्या चालत नाहीत, मोजपट्टी काही कामाची नाही, हातातली पाइप हसू यावी अशी. दार लावायचे आणि पळायचे, ते दार फोडून आत आले की पुढचे दार शोधायचे. भाच्याने त्या प्रसंगात मोठ्याने देवाचे नाव घेतले. मीही उठून उभा राहिलो होतो. एवढे दिवस जे शिकलो ते एका क्षणात निरुपयोगी ठरले आणि वातावरण एकदम जिवंत झाले. फळ्यांची करकर, बाहेरचे पांढरे वादळ, बंद दारापलीकडचा तो श्वास. तीच दारे आणि त्याच भिंती, पण आता त्यांच्यावर जीव अवलंबून होता.

त्यानंतर खेळ नेमका उलट्या दिशेला जातो, याचे मला आजही वाईट वाटते. पहिल्या भागात शहरातली माणसे एकाएकी हिंसक का होतात आणि पक्षी मरून का पडतात याचे उत्तर धड मिळत नव्हते. नागपूरच्या उन्हाळ्यात अंगणात मरून पडलेला पक्षी आपण सगळ्यांनी उचलला आहे, गच्चीवर पाण्याचे भांडे ठेवले आहे. त्यामुळे ते मेलेले पक्षी मला परके वाटले नव्हते, आणि त्यांचे कारण न कळणे फार खरे वाटले होते. दुसऱ्या भागात कारण कळते. ओरो नावाची एक गुप्त संघटना आहे, तिने ध्वनीची यंत्रे बसवली आहेत, ती शोधून फोडायची आहेत. शेवटी शेवटी तर ईथनच्या स्वतःच्या आवाजातच अशी शक्ती निघते की त्याने ओरडले तर समोरच्याचे डोके फुटते. म्हणजे पाइप गेली, ठोसा गेला, अडवणे गेले आणि ते हातभर अंतरही गेले. ज्या माणसाचे हात नुकतेच कापत होते तो आता लांबून, हात न लावता मारतो. वस्तादांच्या भाषेत सांगायचे तर लाठीचे टोक एवढे लांब गेले की आत कोणी शिरूच शकत नाही.

भाच्याला माझे हे म्हणणे मान्य नाही. तो म्हणतो की पहिला भाग मीच त्याला खेळायला लावला आणि त्यात त्याला सतत कोंडल्यासारखे झाले; दुसऱ्या भागात पडत-झडत का होईना, ईथन शिकतो, उभा राहतो, आणि इतका मार खाल्लेल्या माणसाला शेवटी एवढी ताकद मिळालीच पाहिजे. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. घाबरत राहणे म्हणजेच खेळणे, असे मानायला त्याची पिढी तयार नाही, आणि रस्त्यावर आलेल्या माणसाने ताठ उभे राहावे असे वाटण्यात काही गैर नाही. मी त्याला एवढेच विचारले की मग आठवते काय, शेवटची लढाई की अस्वल. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "अस्वल. पण तो विषय वेगळा आहे, मामा."

माझ्या मते तो विषय वेगळा नाही. अस्वल ज्यांनी रचले त्यांनीच तो आवाजही रचला, म्हणजे भीती कशी बनते हे ते विसरले नव्हते. पुढचा भाग मोठा हवा, नायक बलवान हवा, या ओढीत त्यांनी दुसरी वाट धरली. तिसरा भाग आला नाही. मोनोलिथने नंतर वेगळ्या प्रकारचे मोठे खेळ केले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मालक कंपनी वॉर्नर ब्रदर्सने तो स्टुडिओच बंद केला. तिसरा भाग निघाला असता तर ईथनकडे तो आवाज राहिला असता की त्याच्या हाती पुन्हा खिळ्यांची फळी आली असती, यावरून आम्ही मामा-भाचे फोनवर अजून भांडतो. तो आवाजाच्या बाजूने असतो, मी फळीच्या.